सहाव्या नियमातला क

ही गोष्ट दोन हजार बारा सालची. त्या साली वाचनालयाने पन्नाशी पुरी केली. पन्नाशी उलटली की माणसाला आपण मागे पडलो असं वाटायला लागतं, तसंच वाचनालयाच्या कार्यकारिणीलाही वाटलं असावं. आपली वेबसाइट हवी, असं एका सभेत ठरलं. ती करायची कोणी, हे मात्र ठरवावंच लागलं नाही. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात सूनबाई उभी होती. ती बिचारी सासूबाईंना घरी न्यायला आली होती.

सूनबाई म्हणजे डिंकआजींची सून. घरी तिला नाव होतं, ऑफिसातही होतं, पण वाचनालयाच्या पायऱ्या चढली की ती सगळ्यांची सूनबाई व्हायची. ती एका कंपनीत दुकानांच्या वेबसाइटी बनवायची, आणि दिवसभर तेच करून आलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा तेच फुकट करायला सांगू नये, एवढी साधी गोष्ट त्या सभेत कोणाला सुचली नाही. डिंकआजींना तर अजिबातच नाही. त्या म्हणाल्या, करेल की, तिला काय, बोटं तर हलवायची असतात.

डिंकआजींचं स्वतःचं काम बोटं हलवण्याचंच होतं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी एक जाड फळीचं टेबल होतं. त्यावर एक लोखंडी दाबयंत्र, सुयादोरा, कापडाच्या पट्ट्या आणि डिंकाचं भांडं. दर गुरुवारी त्या तिथे बसून फाटकी पुस्तकं शिवायच्या. यजमान गेले त्या वर्षी त्यांनी हे सुरू केलं आणि मग एकही गुरुवार चुकवला नाही. बाकीचे सहा दिवस त्या गुरुवारची वाट बघण्यात आणि घरच्यांच्या चुका काढण्यात घालवायच्या.

तर वेबसाइट झाली. पुस्तकांची यादी, वेळा, पत्ता, हे सगळं सुरळीत पार पडलं. गाडी अडली ती नियमांच्या पानावर.

वाचनालयाची जुनी नियमावली एका पुस्तिकेत होती आणि त्यात सगळं सलग परिच्छेदांत लिहिलेलं होतं, मारुतीच्या शेपटासारखं लांबच लांब. सूनबाईने त्याचे मुद्दे पाडले आणि प्रत्येक मुद्द्यामागे एक टिंब दिलं. संगणकाला नुसतं सांगायचं असतं की ही यादी आहे, टिंबं तो आपोआप काढतो. टिंबं कशी दिसावीत, काळी की लाल, गोल की चौकोनी, कडेपासून किती आत, हे सगळं एका वेगळ्या फाइलीत लिहायचं असतं. तिला स्टाइलशीट म्हणतात. पानावरचे शब्द एकीकडे आणि त्यांचे कपडे दुसरीकडे, असा तो प्रकार.

टिंबं बघून एक बाई म्हणाल्या, ही ढेकणांसारखी दिसतात. सूनबाईने ती पोकळ केली. मग घड्याळवाले काका म्हणाले की आता ती फुटलेल्या ढेकणांसारखी दिसतात. कोपऱ्यावरचं घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलाच्या हवाली करून काका दिवसभर वाचनालयातच असायचे, त्यामुळे त्यांना मत द्यायला भरपूर वेळ होता. कोणीतरी सुचवलं की टिंबांऐवजी छोटी छोटी पुस्तकं ठेवा, वाचनालय आहे आपलं. तिने पुस्तकाचं चित्र लावलं, ते मजकुरापेक्षा मोठं दिसायला लागलं आणि प्रत्येक ओळ त्याच्या ओझ्याने वाकल्यासारखी वाटू लागली. लहान केलं तर ते पुस्तक आहे की वीट, कळेना. सूनबाईच्या नाकी नऊ आले. रात्री ती नवऱ्याला म्हणाली, ऑफिसात दुकानदार पैसे देऊन डोकं खातात, इथे फुकट खातात, एवढाच फरक. नवरा हसला आणि कुशीवर वळला. तो कोणत्याही भांडणात कुशीवर वळणारा माणूस होता.

शेवटी चिटणिसांनी टिंबंच मोडीत काढली. चिटणीस शाळेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढलेल्या. त्यांनी विचारलं, उद्या मला सभेत नियम सांगायचा झाला तर काय म्हणू, सहाव्या नियमातलं तिसरं टिंब? त्यांचं म्हणणं खरंच होतं. नियमांना आकडे हवेत आणि पोटनियमांना अक्षरं. अ, ब, क, ड. शाळेत असतात तशी.

आता गंमत अशी की संगणकाला एक दोन तीन येतं, इंग्रजी ए बी सी येतं, रोमन आकडेसुद्धा येतात, पण अ ब क ड त्याला कोणी शिवायला शिकवलेलंच नव्हतं. म्हणजे ते कपडे घरीच शिवणं आलं. सूनबाईने स्टाइलशीटमध्ये टिंबं बंद केली आणि हाताने लिहिलं, पहिल्या मुद्द्याच्या पुढे अ काढ, दुसऱ्याच्या पुढे ब. पहिल्या दिवशी टिंबही आलं आणि अक्षरही आलं. दुसऱ्या दिवशी टिंब गेलं, पण मुद्द्याची दुसरी ओळ सरळ अक्षराच्या खाली जाऊन बसली. तिला पुन्हा मजकुराखाली आणेपर्यंत एक रविवार गेला. आणि वाचनालयातल्या जुनाट संगणकावर ती अक्षरं मुळी उमटायचीच नाहीत. चिटणीस त्याच संगणकापुढे बसून फोन करायचे, सूनबाई, अक्षरं कुठे आहेत? ती म्हणायची, तुमचा संगणक म्हातारा झालाय. ते म्हणायचे, म्हातारे तर आम्हीही झालोय, म्हणून आम्हाला दिसत नाही असं नाही.

हे सगळं जेमतेम मिटलं आणि डिंकआजींनी ते पान पाहिलं.

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि सुनेला विचारलं, हा अ च्या पुढे ब कुठून आला? अ च्या पुढे आ येतो. ब येतो तो प, फ च्या नंतर. मधली सगळी मंडळी कुठे गेली, जेवायला?

सूनबाई म्हणाली, आई, सगळीकडे असंच असतं. आजी म्हणाल्या, सगळीकडे असतं ते ए बी सी डी आहे, फक्त आपल्या लिपीत लिहिलेलं. आपली अक्षरं क ख ग घ अशी चालतात. वाचनालयाच्या पानावर तरी ती सरळ उभी राहू देत.

त्यानंतर डिंकआजींनी घरात दुसरा विषय काढला नाही. सकाळी चहा गाळताना क ख ग. संध्याकाळी सून चपला काढत असताना क ख ग. नातवंडांच्या वह्या त्यांना कधी दिसल्या नव्हत्या त्या आता दिसायला लागल्या, आणि त्यात अ ब क ड सापडलं की त्या वही उघडी करून सुनेच्या लॅपटॉपवर ठेवायच्या. पंधरा-वीस दिवस सूनबाईने दाद दिली नाही. मग एका बुधवारी, ऑफिसातून डोकं उठवून घेऊन आली असताना, आजींनी दारातच विचारलं, झालं का ते? तिने पर्स बाजूला टाकली, लॅपटॉप उघडला, अ च्या जागी क लिहिला, ब च्या जागी ख, क च्या जागी ग, ड च्या जागी घ. चहाला उकळी यायच्या आत काम संपलं. नियमांचा एक शब्दही तिने हलवला नव्हता. त्यामुळे कोणाला कळवावं असं तिला वाटलंच नाही. कळवायचं काय त्यात?

तिला ठाऊक नव्हतं की वार्षिक सभेची नोटीस दोनच दिवसांपूर्वी घरोघर गेली होती. त्यात तिसरा विषय होता, नियम सहा (क) रद्द करणे. बस, एवढंच.

सहावा नियम जागांबद्दल आणि वस्तूंबद्दल होता. त्यातला पहिला पोटनियम, वाचनालयाची किल्ली फक्त चिटणिसांकडे राहील. दुसरा, वाचनकक्षात फोनवर बोलू नये. तिसरा, बांधणीचं टेबल मागच्या खोलीत राहील. चौथा छत्र्या आणि पिशव्यांचा. चिटणिसांना मागच्या खोलीत दुसरा संगणक ठेवायचा होता आणि डिंकाच्या वासाने त्यांचं डोकं चढायचं. पण डिंकआजींच्या तोंडावर तसं म्हणण्याची त्यांची छाती नव्हती. म्हणून टेबलाचं नाव न काढता त्यांनी नुसतं सहा (क) लिहिलं आणि ताकास तूर लागू दिली नाही.

सभेच्या दिवशी सूनबाईने आपल्या लॅपटॉपवरून नियमांचं पान छापून दारात वाटलं. प्रत्येकाच्या हातात तो कागद होता. त्यावर सहाव्या नियमात पहिल्याच ओळीला ठसठशीत क होता, आणि त्यापुढे किल्ली.

चिटणिसांनी घसा साफ केला आणि खाली बघून म्हणाले, विषय तिसरा, नियम सहा क रद्द करावा, अनुकूल असतील त्यांनी हात वर करा. लोकांनी कागद बघितला आणि भराभरा हात वर झाले. चिटणीस रोज उशिरा यायचे आणि लोक पायरीवर ताटकळत बसायचे, ही तक्रार किती वर्षांची होती. घड्याळवाल्या काकांनी तर दोन्ही हात वर केले, त्यांना एक खाली घ्यायला सांगावं लागलं. आणि पहिल्या रांगेत डिंकआजींचा हात होता, सगळ्यांच्या आधी गेलेला.

चिटणिसांना गहिवरून आलं. सभा संपल्यावर ते आजींपाशी गेले आणि म्हणाले की तुमच्या मनाचा मोठेपणा आज पाहिला. आजी म्हणाल्या, त्यात मोठेपणा कसला, हे फार आधीच व्हायला हवं होतं.

त्या गुरुवारी आजी टेबलापाशी गेल्या तर दाबयंत्राखाली चिटणिसांच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी होती. सभेच्या एकमताच्या ठरावानुसार टेबल महिनाअखेर हलवण्यात यावं. आजींनी ती दोनदा वाचली, हातातलं अर्धवट शिवलेलं पुस्तक तसंच ठेवलं आणि ऑफिसात सुनेला फोन केला. त्यांनी कधी ऑफिसात फोन केला नव्हता. सूनबाई धावत आली.

घोळ कुठे झाला हे तिला चिठ्ठी आणि नोटीस शेजारी शेजारी ठेवल्याबरोबर कळलं, आणि तिने कपाळाला हात लावला. चिटणिसांना सांगितलं तर ते खुर्चीत ताठ झाले.

"मी नोटीस काढली तेव्हा क म्हणजे टेबल होतं," ते म्हणाले. "नंतर कोणी पानावर खोडसाळपणा केला असेल तर त्याला मी काय करू?"

"खोडसाळपणा नाही, दुरुस्ती," डिंकआजी म्हणाल्या. "आणि सभेच्या दिवशी क म्हणजे किल्ली होती. हा कागद बघा. किल्ली टेबलावर ठेवा आधी."

"सूनबाई, तूच सांग. मूळ पानात कोणतं अक्षर आहे?"

सूनबाईला हसावं की रडावं कळेना. ती म्हणाली, "मूळ अक्षर असं काही नाहीच आहे, चिटणीसकाका. मुळात नुसते चार मुद्दे आहेत एकाखाली एक. अक्षर वरून दिसतं तेवढंच. सदऱ्यावर बिल्ला लावावा तसं."

"म्हणजे पन्नास वर्षांच्या संस्थेचा कायदा तू बिल्ल्यांवर चालवतेस?"

चिटणिसांनी फर्मावलं की आजच्या आज अ ब क ड परत आलं पाहिजे. डिंकआजी म्हणाल्या की माझं टेबल गेलं तरी बेहत्तर, पण ती उसनी अक्षरं परत आणलीस तर घरात माझ्याशी बोलू नकोस. सूनबाईने मनातल्या मनात हिशोब केला, दोन्हीपैकी काहीही केलं तरी कोणीतरी बोलायचं थांबणार होतं, आणि ते काही फार वाईट झालं नसतं.

पण त्या रात्री घरी वेगळंच झालं. आजी जेवल्या नाहीत. अक्षरांबद्दलही बोलल्या नाहीत. सूनबाई पाणी घेऊन गेली तेव्हा त्या पलंगावर बसून हाताच्या बोटांना लागलेला वाळका डिंक सोलत होत्या.

"सगळ्यांनी हात वर केले ग," त्या म्हणाल्या.

"आई, किल्लीसाठी केले. तुम्हीही केलात."

"मी केला किल्लीसाठी. बाकीच्यांचं तू कशावरून सांगतेस? नोटीस घरी गेली होती तेव्हा क म्हणजे टेबलच होतं. कोणी घरी बसून पान उघडून बघितलं असेल, ठरवून आला असेल. एकमताने म्हणतात ते. आता मी कोणाकडे बघून तिथे पुस्तकं शिवू?"

सूनबाई तिथेच उभी राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं की हे टेबलाचं भांडण आहे. टेबल काय, घरात आणून ठेवता आलं असतं, जागा कमी पडली असती एवढंच. आजींना हवं होतं ते हे, की त्या खोलीत आपण कोणाला नको आहोत का, हे एकदा कळावं. बाहेरच्या खोलीत नवरा वर्तमानपत्र वाचत होता. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाई रजा टाकून वाचनालयात गेली. तिने चिटणिसांना सांगितलं की अ ब क ड येणार नाही. घरी येऊन आजींना सांगितलं की क ख ग घ राहणार नाही. दोघांनाही न जुमानता तिने स्टाइलशीटमधली स्वतः शिवलेली सगळी अक्षरं पुसून टाकली आणि तिथे एकच शब्द लिहिला, जेणेकरून संगणकाने आपले साधे देवनागरी आकडे काढावेत. सहा, आणि त्याखाली एक, दोन, तीन, चार. इतकं सोपं होतं तर आधीच का नाही केलंस, असं चिटणीस म्हणाले. तिने त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

पुन्हा सभा घ्यायला मात्र ते तयार होईनात. मग घड्याळवाले काका त्यांच्यापुढे हात पसरून उभे राहिले. म्हणाले, ठीक आहे, ठराव झाला तो झाला, माझ्या हातातल्या कागदावर किल्लीच रद्द झालीये, द्या किल्ली. चार माणसं तसाच हात पसरून मागे उभी राहिली. पुढच्या रविवारी सभा बोलावली गेली.

या वेळी कागद वाटले नाहीत. सूनबाईने उभं राहून सांगितलं की आकडाही नको, अक्षरही नको, वाक्य पूर्ण वाचू. तिने किल्लीचं वाक्य वाचलं. हात वर झाले, तितकेच, तितक्याच उत्साहाने. चिटणिसांनी मान खाली घालून ते वहीत घेतलं.

मग तिने वाचलं, बांधणीचं टेबल मागच्या खोलीत राहील, हा नियम रद्द करावा. ज्यांना तो रद्द व्हावा असं वाटतं त्यांनी हात वर करा.

डिंकआजी पहिल्या रांगेत होत्या. त्या वळून बसल्या, सगळ्यांकडे तोंड करून. चिटणिसांनी स्वतःचा हात वर केला, कारण प्रस्ताव त्यांचाच होता आणि माणूस हट्टी असला तरी खोटा नव्हता. आणखी कोणी हलेना. सूनबाई आता एकच हात म्हणून मोजणार, तेवढ्यात शेवटच्या रांगेत एक हात सावकाश वर गेला.

तो तिच्या नवऱ्याचा होता.

सगळे मागे वळले. तो उभा राहिला, कानापर्यंत लाल झालेला. म्हणाला की मागच्या वेळी मी हात वर केला तो टेबलासाठीच. नोटीस आली त्या दिवशी मी घरी पान उघडून वाचलं होतं. आई गुरुवारी येते तेव्हा तिला बोटं मिटता येत नाहीत, रात्रभर पाठीला शेक घेते आणि आम्हाला सांगत नाही. मला वाटलं, लोकांनीच बंद केलं तर बरं. मला तिला सांगता आलं नसतं.

सूनबाईला इतका राग आला की हातातला कागद चुरगळला. एवढे दिवस घरात अक्षरांवरून रणकंदन चाललं होतं, आणि हा माणूस सगळं ठाऊक असून वर्तमानपत्रामागे बसला होता.

डिंकआजींनी चष्मा वर करून त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं झालं. एवढ्या सभेत निदान एकाला तरी नीट वाचता येतं. आता हात खाली घे, आणि घरी गेल्यावर माझ्याशी बोल. लोकांकडून निरोप पाठवू नकोस."

टेबल राहिलं. घरी माय-लेकांचं काय बोलणं झालं ते सूनबाईला कळलं नाही, कारण दोघांनी दार लावून घेतलं होतं. गुरुवारी आजी दुपारनंतर न जाता सकाळीच गेल्या आणि जेवायच्या वेळेला परतल्या. पुढे तोच रिवाज पडला.

चिटणिसांनी पुढच्या वर्षी पद सोडलं आणि नंतर लेकीकडे राहायला गेले. तिथे एका संस्थेची नियमावली लिहून देतात, असं ऐकलं. किल्ली घड्याळवाल्या काकांकडे आली, आणि ते असेपर्यंत वाचनालय एकही दिवस उशिरा उघडलं नाही. ते गेले तो दिवस सोडून. डिंकआजी आणखी सात वर्षं पुस्तकं शिवत राहिल्या. मग सुईत दोरा जाईना, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं की पुरे. दोन वर्षांनी त्या गेल्या. नवरा निवृत्त झाला. वर्तमानपत्र अजून वाचतो, पण आता बोलायचं असेल तर ते खाली ठेवतो.

सूनबाईने वाचनालयाची वेबसाइट पाच-सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मुलीच्या स्वाधीन केली. अलीकडे तिने सहज ते पान उघडलं. नियमांपुढचे आकडे गेले होते. प्रत्येक नियमापुढे एक हिरवी बरोबरची खूण होती, जणू सगळे नियम पाळून झाले. सूनबाईने फोन उचलला, त्या मुलीचा नंबर काढला, आणि मग तो तसाच ठेवून दिला. म्हणाली, जाऊ दे, सभा आली की कळेल त्यांचं त्यांना.